ब्रेक्झिटनंतर यूकेला येताय? आधी तुमचा कागद कोणता ते बघा

नव्याने इकडे येणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर जुन्या माहितीने. कुणाचा मामा २०१२ ला आला, कुणाची मावसबहीण २०१८ ला आली, त्यांनी जे केलं ते तेव्हा अगदी बरोबर होतं, पण तेच सल्ले अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतायत आणि लोक त्यावर भरवसा ठेवून एजंटला लाखो रुपये देतायत, नोकऱ्या सोडतायत, काही जण तर नागरिकत्व सोडतायत, आणि इथे विमानतळावर उतरल्यावर कळतं की तो दरवाजा कधीच बंद झालाय. हे बघून जीव तुटतो. म्हणून जे जे मला कायम विचारलं जातं ते पायरी-पायरीने एका जागी लिहितेय. मी वकील नाहीये, इथे बरीच वर्षं राहणारी आणि नवीन आलेल्यांना फॉर्म भरायला मदत करणारी बाई आहे, त्यामुळे शेवटचा निर्णय सरकारी वेबसाइट आणि नोंदणीकृत सल्लागार यांना विचारूनच घ्या.

आधी थोडक्यात, नेमकं झालं काय

२३ जून २०१६ ला यूकेमध्ये जनमत घेतलं, युरोपियन युनियनमध्ये (ईयू) राहायचं की बाहेर पडायचं, या बाहेर पडण्यालाच ब्रेक्झिट म्हणतात. ५१.९ टक्के लोक म्हणाले बाहेर, ४८.१ टक्के म्हणाले राहू. इंग्लंड आणि वेल्स बाहेरच्या बाजूने, स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के लोकांना राहायचं होतं आणि उत्तर आयर्लंडमध्येही बहुमत राहण्याच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी पाउंड कोसळला, तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास असलेला पाउंड काही आठवड्यांत नव्वदच्या खाली गेला, घरी पैसे पाठवणाऱ्या सगळ्यांना ते चांगलं आठवत असेल.

एक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. त्या मतदानात इथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना मत देता आलं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. पण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोंयकाराला (गोव्याच्या माणसाला) मत देता आलं नाही, कारण तो कागदावर युरोपियन. म्हणजे ज्याचं सगळं आयुष्य त्या निकालाने बदलणार होतं त्यालाच विचारलं नाही, आणि ज्याच्या व्हिसावर लगेच काहीच परिणाम होणार नव्हता त्याला मात्र मत होतं. मला हे आजही अन्यायाचं वाटतं.

यूके बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता. पण त्यानंतर ११ महिने सगळं जुन्यासारखंच चालू होतं. खरी रेघ पडली ती ३१ डिसेंबर २०२० ला. ही तारीख पाठ करून ठेवा, कारण इथलं अर्धं कायद्याचं जग अजून "त्या दिवशी तुम्ही कुठे होता" या एका प्रश्नावर चालतं.

पायरी १: तुम्ही कुठल्या गटात बसता ते ठरवा

कुणालाही काही विचारायच्या आधी हे ठरवा, कारण एकाच घरात राहणाऱ्या चार माणसांचे चार वेगळे नियम असू शकतात. भारतीय पासपोर्ट आणि त्यावर विद्यार्थी किंवा कामाचा व्हिसा असेल तर तुमचा गट एक. पोर्तुगीज किंवा दुसरा कुठला ईयू पासपोर्ट असेल आणि तुम्ही ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासून इथे राहत असाल तर दुसरा. तोच पासपोर्ट, पण त्या तारखेनंतर येताय, तर तिसरा, आणि हा सगळ्यात जास्त गैरसमज असलेला गट. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं वेगळं. आणि आयरिश पासपोर्टवाले एकदम सुखी, त्यांना यूकेमध्ये राहायचा आणि काम करायचा हक्क पूर्वीसारखाच आहे, कारण तो ईयूमुळे नाही तर यूके आणि आयर्लंडमधल्या जुन्या कॉमन ट्रॅव्हल एरियामुळे मिळतो.

सल्ला देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: तुम्ही कुठल्या पासपोर्टवर आणि कुठल्या साली आलात? त्याचा गट आणि तुमचा गट एकच नसेल तर त्याचा अनुभव कितीही खरा असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही.

पायरी २: पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकारांनी हे नीट वाचा

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि ठराविक अटींवर नातवंडांना लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल ईयूमध्ये, यूकेही तेव्हा ईयूमध्ये, त्यामुळे हजारो गोंयकार या वाटेने थेट स्विंडन, साउथहॉल, हेज, लेस्टरला आले, वेअरहाउसमध्ये, विमानतळावर, केटरिंगमध्ये कामाला लागले. व्हिसा नाही, पगाराची अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. विमानातून उतरायचं आणि सोमवारी कामावर जायचं.

ती वाट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. आता पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेत फक्त पाहुणा म्हणून येता येतं, साधारण सहा महिन्यांपर्यंत, आणि २ एप्रिल २०२५ पासून त्यासाठीसुद्धा आधी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. ईटीएवर काम करता येत नाही. "ये रे, बघू काहीतरी, कॅशमध्ये करता येईल" असं कुणी म्हणालं तर त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा. बेकायदा माणूस कामाला ठेवला तर मालकाला पहिल्याच वेळी दर माणसामागे ४५,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे चांगली कंपनी तुम्हाला घेणार नाही आणि जी घेईल ती तुमचा पासपोर्ट आणि पगार दोन्ही दाबून ठेवेल, आणि तुम्ही तक्रार कुठे करणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, मतदानाचा हक्क जातो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) काढावं लागतं आणि ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२० च्या आधी लोक हा सगळा हिशोब करून म्हणायचे की ठीक आहे, बदल्यात यूके मिळतंय. आता यूकेत काम करायला पोर्तुगीज माणसालाही तोच स्किल्ड वर्कर व्हिसा, तीच स्पॉन्सर कंपनी (व्हिसासाठी तुमची जबाबदारी घेणारी), तीच पगाराची अट लागते जी भारतीय पासपोर्टवाल्याला लागते. म्हणजे फक्त यूकेसाठी कुणी आज भारतीय नागरिकत्व सोडत असेल तर तो हातातलं देऊन बदल्यात काहीच घेत नाहीये. एजंट हे सांगत नाहीत. कृपया मडगाव, म्हापशातल्या तुमच्या ओळखीच्या पोरांपर्यंत एवढं तरी पोचवा.

पोर्तुगीज पासपोर्टला किंमत नाही असं मात्र नाही. पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि मुख्य म्हणजे आयर्लंड, इथे तो पूर्वीसारखाच चालतो. इंग्रजी बोलणाऱ्या देशातच जायचं असेल तर डब्लिन, कॉर्कचा विचार करा. फक्त लक्षात ठेवा, डब्लिनला राहून बेलफास्टला नोकरी करता येणार नाही, कारण बेलफास्ट यूकेमध्ये आहे.

जे आधीपासून इथे होते त्यांच्यासाठी ईयू सेटलमेंट स्कीम आली. पाच वर्षं झाली असतील तर सेटल्ड, म्हणजे कायम राहायचा हक्क, कमी झाली असतील तर प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरता. अर्जाची मुदत ३० जून २०२१ ला संपली. तेव्हा कुणी लहान होतं, आजारी होतं, किंवा घरातल्या म्हाताऱ्या आईचा अर्ज करायचाच राहिला, अशी खरी आणि पटणारी कारणं असतील तर उशिरा अर्ज अजूनही घेतात, पण आता खूप कडक तपासतात आणि पुरावे मागतात, त्यामुळे आज-उद्या करू नका. प्री-सेटल्डवर असाल तर सेटल्ड करून घ्या. आधी "सलग" राहण्याचा नियम फार किचकट होता, सहा महिन्यांपेक्षा जास्त गोव्याला राहिलं की घोळ व्हायचा, आता जुलै २०२५ पासून मागच्या ६० महिन्यांत मिळून ३० महिने इथे असलात तरी चालतं, कोविडमध्ये गावी अडकलेल्या कित्येकांना याने दिलासा मिळालाय.

बायको, नवरा किंवा आई-वडलांना आणायचं असेल तर पुन्हा तीच तारीख. लग्न किंवा नातं ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचं असेल तर सेटलमेंट स्कीममधल्या फॅमिली परमिटने आणता येतं, त्याला फी नाही. लग्न नंतरचं असेल तर नेहमीचा स्पाउस व्हिसा, आणि त्यासाठी एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पाउंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. डिसेंबरमध्ये लग्न आणि जानेवारीमध्ये लग्न यात एवढा फरक. मुलं नंतर जन्मलेली असली तरी त्यांना आई-वडलांच्या हक्कावर येता येतं, पण त्यांचाही अर्ज करावाच लागतो, आपोआप काही होत नाही.

पायरी ३: भारतीय पासपोर्टवर कामाला किंवा शिकायला येणाऱ्यांनी

तुम्ही म्हणाल आमचा आणि ब्रेक्झिटचा काय संबंध, आम्हाला आधीही व्हिसा लागायचा आणि आताही लागतो. संबंध आहे, आणि तो कळला की गेल्या पाच वर्षांत नियम असे वर-खाली का झाले ते कळतं.

युरोपातून सहज येणारी माणसं थांबली. हॉस्पिटल, केअर होम, हॉटेल, शेती, ट्रक चालवणं, सगळीकडे माणसं कमी पडायला लागली. मग १ जानेवारी २०२१ पासून नवी पॉइंटची पद्धत आली, त्यात युरोपियन आणि बाकी जग एकाच रांगेत, आणि पगाराची अट तेव्हा २५,६०० पाउंड एवढी कमी. १ जुलै २०२१ ला ग्रॅज्युएट रूट सुरू झाला, शिकून झाल्यावर दोन वर्षं काम करायची मुभा. फेब्रुवारी २०२२ ला केअर वर्करसाठी (म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांसाठी) दार उघडलं. आपल्याकडून, केरळमधून, पंजाबमधून, नायजेरियातून प्रचंड माणसं आली. २०२३ च्या आसपास निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) वर्षाला नऊ लाखांच्या वर गेलं. ज्यांनी स्थलांतर कमी व्हावं म्हणून ब्रेक्झिटला मत दिलं होतं ते भडकले, आणि मग एकेक दार पुन्हा ओढून घेतलं गेलं. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना बायको-मुलं आणता येत नाहीत, फक्त संशोधनाचे अभ्यासक्रम सोडून. मार्च २०२४ पासून केअर वर्करला कुटुंब आणता येत नाही. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर आणणंच बंद. स्किल्ड वर्करची नेहमीची पगाराची अट आता ४१,७०० पाउंड, नवख्यांसाठी आणि काही आरोग्य-शिक्षण कामांसाठी वेगळे आकडे आहेत पण काम पदवीच्या दर्जाचं असावं लागतं. ग्रॅज्युएट रूट १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षं, पीएचडी सोडून.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की कर्ज काढताना "दोन वर्षं मिळतील, तेवढ्यात नोकरी लागेल, मग बायकोला आणेन" हा २०२२ चा हिशोब आज मांडू नका. कोर्सची तारीख, संपायची तारीख आणि त्या दिवशी कुठला नियम लागू असेल हे कागदावर लिहून मग बँकेत जा. शिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी, सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, विद्यार्थ्याला ७७६, हा आकडा बरेच जण बजेटमध्ये धरतच नाहीत.

आणि सीओएस, म्हणजे स्पॉन्सरशिपचा दाखला, विकत घेऊ नका. कितीही ओळखीचा माणूस असला तरी नाही. स्पॉन्सर कंपन्यांची यादी सरकारी वेबसाइटवर सगळ्यांना बघता येते, नाव तिथे आहे का बघा, कंपनी खरंच काम करते का बघा, पत्ता शोधा, तिथल्या दोन माणसांशी बोला. केअरमध्ये कितीतरी मराठी मुला-मुलींनी पंधरा-वीस लाख भरले, इथे आल्यावर काम नाही, मग त्या कंपनीचं लायसन्स गेलं आणि साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत जा अशी वेळ आली. ती पोरं आळशी किंवा मूर्ख नव्हती, त्यांना फसवलं गेलं, आणि फसवणारे बरेचदा आपल्याच भाषेत बोलणारे होते.

पायरी ४: ई-व्हिसा आणि शेअर कोड

पूर्वी हातात एक कार्ड यायचं. आता ते गेलं, ३१ डिसेंबर २०२४ ला जुन्या कार्डांची मुदत संपली आणि सगळं ऑनलाइन झालं. खरं तर याची सुरुवात ईयूच्या लोकांपासूनच झाली, सेटल्ड स्टेटसचं कधीच कार्ड नव्हतं, आणि आता सगळ्यांना तसंच.

आल्याबरोबर यूकेव्हीआयचं (यूकेच्या सरकारी व्हिसा खात्याचं) ऑनलाइन अकाउंट उघडा, ईमेल आणि फोन नंबर स्वतःचाच द्या, एजंटचा नको. नोकरी किंवा भाड्याचं घर घेताना शेअर कोड मागतात, म्हणजे समोरच्याला तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता येईल असा कोड, तो अकाउंटमधून काढायचा, ९० दिवस चालतो. कामासाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, घरासाठीचा आरने, चुकीचा दिलात तर समोरचा गोंधळतो आणि तुमचे दोन दिवस जातात. पासपोर्ट नवीन केलात तर लगेच अकाउंटमध्ये नवा नंबर घाला. हे विसरलं की मुंबई किंवा दाबोळी-मोप्याच्या चेक-इन काउंटरवर तुमचा व्हिसा सापडतच नाही आणि विमान जातं. ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय त्यांनी ब्रिटिश पासपोर्टच बरोबर ठेवा, पोर्तुगीज पासपोर्ट खिशात आहे म्हणून त्यावर येऊ नका, ब्रिटिश माणसाला ईटीए मिळत नाही.

पायरी ५: पॅरिसला जायचंय

नवीन आलेल्या सगळ्यांचं हे पहिलं स्वप्न, आणि रास्त आहे, ट्रेनने अडीच तासांत तर पॅरिस. पण यूकेचा व्हिसा युरोपात चालत नाही. तो आधीही चालत नव्हता, यूके शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) कधीच नव्हतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन व्हिसा लागतोच. जून २०२४ पासून फी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण खरी अडचण अपॉइंटमेंटची, उन्हाळ्यात महिना-महिना मिळत नाही, म्हणून आधी अपॉइंटमेंट मग तिकीट. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे. तुमचा यूकेचा व्हिसा परतीनंतर पुढे किमान तीन महिने उरलेला हवा, आणि ३०,००० युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स हवा.

इथे ब्रेक्झिटने एक गुपचूप फटका दिलाय. नवरा ब्रिटिश आणि बायको भारतीय पासपोर्टवर असेल तर पूर्वी नवऱ्याबरोबर जाताना बायकोला शेंगेन व्हिसा फुकट आणि कमी कागदांवर मिळायचा, कारण ती ईयू नागरिकाची पत्नी. आता ब्रिटिश माणूस ईयूचा राहिला नाही, त्यामुळे पूर्ण फी, पूर्ण कागद. पण नवरा पोर्तुगीज असेल आणि दोघं मिळून स्पेन किंवा फ्रान्सला जात असाल तर ती सवलत अजून आहे, फक्त ती पोर्तुगाल सोडून इतर देशांसाठी, आणि लग्नाचा दाखला भाषांतर करून बरोबर ठेवा. कित्येक गोंयकार घरांना हे माहीतच नाही आणि ती दर वेळी नव्वद युरो भरत राहतात.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच युरोपात राहता येतं, पासपोर्ट जाताना दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि परतताना तीन महिने उरलेला हवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस सुरू झालंय, म्हणजे शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो, हे ब्रिटिशांना आणि भारतीयांना दोघांनाही. डोव्हर आणि लंडनच्या सेंट पँक्रासला फ्रान्सची तपासणी इकडेच होते, त्यामुळे रांग इथेच लागते, वेळ हातात ठेवून निघा.

आणि डब्यात काय नेताय ते बघा. यूकेतून ईयूमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये हॉलंडच्या बंदरावर ट्रक ड्रायव्हरची हॅम सँडविचेससुद्धा काढून घेतली होती. त्यामुळे पनीर, तूप, पेढे, चिकनचा डबा घरी ठेवा, मेथीचे ठेपले आणि लोणचं न्या. उलट दिशेनेही सांभाळून, १२ एप्रिल २०२५ पासून ईयूतून ब्रिटनमध्ये चीज, दूध आणि गाय-डुक्कर-मेंढीचं मांस स्वतःच्या खाण्यासाठीही आणायला बंदी घातलीय, जनावरांच्या लाळ-खुरकुत रोगामुळे.

पायरी ६: आयर्लंडची फसवी सीमा

हे वेगळं लिहितेय कारण यात चांगली शिकलेली माणसंही सापडतात. बेलफास्ट यूकेत, डब्लिन वेगळ्या देशात आणि तो देश ईयूमध्ये. दोघांमधली सीमा साधारण ५०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर ना चौकी ना बॅरिअर, रस्त्यावर वेगाच्या पाट्या मैलाच्या किलोमीटर होतात तेवढंच कळतं. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर तिथे पुन्हा चौक्या नकोत हे दोन्ही बाजूंना मान्य होतं, आणि ब्रेक्झिटच्या वाटाघाटीत सगळ्यात जास्त काळ हाच एक प्रश्न अडकून होता. शेवटी तोडगा असा निघाला की मालापुरतं उत्तर आयर्लंड ईयूच्याच नियमात राहील आणि तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रावर, म्हणजे बंदरांवर होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क हा यूके-ईयूचा सुधारित करार आला, त्यात उत्तर आयर्लंडमध्येच विकल्या जाणाऱ्या मालाला सोपी हिरवी रांग आणि पुढे ईयूत जाऊ शकणाऱ्या मालाला लाल रांग. दुधाच्या बाटलीवर "ईयूसाठी नाही" असं छापलेलं दिसतं ते त्यामुळेच.

तुमच्यासाठी मुद्दा असा: चौकी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. यूकेच्या विद्यार्थी किंवा कामाच्या व्हिसावर भारतीय पासपोर्टने डब्लिनला जायला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. बसमध्ये कधी कधी तपासणी होते आणि पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्ममध्ये ते लिहावं लागतं. भारतात काढलेल्या काही टुरिस्ट व्हिसांवर बीआयव्हीएस असं लिहिलेलं असतं, त्यावर दोन्हीकडे फिरता येतं, आई-बाबा फिरायला येणार असतील तर त्यांच्या व्हिसावर ते आहे का बघा. डब्लिनहून जायंट्स कॉजवेची एका दिवसाची टूर घेणाऱ्यांनीही हेच बघायचं, कारण तो कॉजवे यूकेमध्ये आहे.

पायरी ७: पार्सल, फराळ आणि हापूस

व्यापार करारामुळे यूके आणि ईयूमधल्या मालावर सहसा कर नाही, पण तो माल तिथलाच बनलेला असला पाहिजे, आणि कागद मात्र प्रत्येक गोष्टीला. जर्मनीच्या वेबसाइटवरून १३५ पाउंडांपेक्षा जास्तीचं काही मागवलंत तर व्हॅट, कधी कस्टम ड्युटी आणि वर कुरिअरची हाताळणी फी दारात मागतात, म्हणून ऑर्डर करतानाच "सगळे कर धरून" लिहिलंय का बघा. घरच्यांनी युरोपातून पाठवलेली भेट ३९ पाउंडांपर्यंत करमुक्त, इथून तिकडे पाठवताना ४५ युरोंपर्यंत. दिवाळीला म्युनिकच्या भावाला फराळ पाठवताना कस्टमच्या फॉर्मवर नुसतं "फूड" लिहू नका, चकली, चिवडा असं काय काय ते लिहा आणि किंमत लिहा. पेढे-बर्फी घालू नका, सगळा डबा अडकतो.

आंब्याचं सांगायलाच हवं. मे २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून ईयूने भारतीय आंब्यावर बंदी घातली, साउथहॉल आणि लेस्टरमधले दुकानदार हवालदिल झाले, इथले खासदार बोलत होते पण निर्णय ब्रसेल्सचा, म्हणजे ईयूचा होता. जानेवारी २०१५ मध्ये ती उठवायचं ठरलं. बाहेर पडल्यावर असे निर्णय लंडन स्वतः घेतं. पण मे २०२५ मध्ये यूके आणि ईयूचं ठरलंय की खाण्यापिण्याच्या मालाचे नियम पुन्हा जुळवून घ्यायचे, म्हणजे सीमेवरची तपासणी कमी होईल आणि त्याच वेळी आंब्याचा नियम पुन्हा ब्रसेल्सच्या मापाने चालेल. रत्नागिरी-देवगडहून माल आणणाऱ्यांनी त्यावर लक्ष ठेवा. भारताशी स्वतंत्र करारही यूकेने बाहेर असल्यामुळेच केला, २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्याच्या जोडीने ठरलेल्या वेगळ्या करारात ठराविक काळासाठी कंपनीकडून पाठवलेल्या भारतीयांना इथला नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) भरावा लागू नये अशी तरतूद आहे. पुण्याहून आयटीवाल्यांनी आपल्या एचआरला हे नक्की विचारा.

पायरी ८: बारीकसारीक

युरोपात फोनचं रोमिंग आता आपोआप फुकट नाही, कंपनीगणिक वेगळं आहे, निघायच्या आधी प्लॅन वाचा. इथे राहणाऱ्यांना जीएचआयसी कार्ड फुकट मिळतं, युरोपात अचानक आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात उपयोगी, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा. कार्ड म्हणजे इन्शुरन्स नाही, तोही घ्या. ईयू पासपोर्टच्या मुलांना युनिव्हर्सिटीत इथल्या दराची फी आता फक्त पासपोर्टवर मिळत नाही, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस आणि राहिल्याचे पुरावे लागतात, नाहीतर परदेशी विद्यार्थ्याची फी, आणि ती कित्येक पटींनी जास्त असते.

पायरी ९: विचारायचं कुणाला

यूकेमध्ये नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे, त्यामुळे मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या "सगळं करून देतो" काकांना आधी नोंदणी क्रमांक विचारा आणि तो इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीच्या यादीत तपासा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस फुकट आहे, तिथे जायला लाजू नका, त्यासाठीच ते आहेत.

बातम्या वाचताना प्रस्ताव कुठला आणि लागू झालेला नियम कुठला हे वेगळं धरा. कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं लावायचा विचार सरकारने २०२५ मध्ये मांडला आणि लगेच आपल्या ग्रुपवर लोक रडकुंडीला आले, काहींनी घाबरून घरं विकायला काढली. बातमी आली की सरकारी पान उघडा, कुणाला आणि कधीपासून हे दोन शब्द शोधा, आणि ते सापडेपर्यंत पैशाचा कुठलाच निर्णय घेऊ नका. तोपर्यंत एक वही करा, देशाबाहेर गेल्याची आणि परत आल्याची प्रत्येक तारीख त्यात लिहा, पगाराच्या पावत्या, काउन्सिल टॅक्सची बिलं, घराचे करार सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि एक कॉपी गावी भावाकडे किंवा बहिणीकडे ईमेलवर पाठवून द्या, नियम पाच वर्षांचा राहो की दहाचा, पुरावा म्हणून मागणार ते हेच.